राखून ठेवलेली टाळी

व्यावसायिक रस्ता-सायकल शर्यतींचा चाहता हा एकंदर क्रीडारसिकांतून वेगळा काढून अभ्यासावा असा जीव आहे. इतर खेळांचा चाहता सामना संपला की कोण जिंकले, कोण हरले एवढे मनाशी नोंदवून जेवायला बसतो; सायकलचा चाहता मात्र निकालपत्रकाकडे हरकती व सूचना मागवण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या कच्च्या आराखड्याप्रमाणे पाहतो. ह्यात त्याचा दोष नाही. उत्तेजकविरोधी जागतिक संहितेनुसार स्वारांच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात आणि तपासणीची नवी पद्धत निघाली की पुन्हा बाहेर काढता येतात, त्यामुळे आल्प्सच्या घाटात एखाद्या स्वाराची चढाई पाहून चाहत्याच्या अंगावर आलेला काटा खरा की खोटा, ह्याचा अंतिम निर्णय दशकभराने प्रयोगशाळेत व्हायचा असतो. तोवर काटा तात्पुरता समजावा लागतो आणि टाळी राखून ठेवावी लागते. असे असूनही हा मनुष्य दर जुलैत तीन आठवडे रोज चार-चार, पाच-पाच तास दूरदर्शनसंचासमोर बसतो, किंवा फ्रान्समध्ये राहत असेल तर आदल्या रात्रीपासून रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतो. ही निष्ठा कोणत्या धातूची बनलेली आहे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

संशयाचा हा रोग आधुनिक औषधशास्त्राने आणला असे मानण्याची पद्धत आहे, परंतु इतिहास तिला दुजोरा देत नाही. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली 'लोतो' नावाच्या क्रीडादैनिकाने, त्याचा संपादक आंरी देग्रांज ह्याच्या देखरेखीखाली, वर्तमानपत्राचा खप वाढावा ह्या अत्यंत निर्मळ हेतूने सुरू केली. दैनिकाचा कागद पिवळा होता म्हणून पुढे १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराची जर्सीही पिवळी झाली. शर्यतीच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९०४ साली, पहिले चारही क्रमांक, त्यांत आदल्या वर्षीचा विजेता मोरीस गारँ, गैरप्रकारांसाठी बाद करण्यात आले. आरोपांत आगगाडीने प्रवास केल्याचाही समावेश होता, आणि सायकल शर्यतीतील फसवणुकीचा ह्याहून सरळ, निर्व्याज आणि तिकिटाचे पैसे मोजून केलेला प्रकार नंतर कोणाला सुचलेला नाही. शर्यत संपल्यावर सुमारे चार महिन्यांनी पाचव्या क्रमांकाचा आंरी कोर्ने हा एकोणीस वर्षांचा तरुण विजेता ठरला. तथापि ह्या प्रकरणातील खरा बोधप्रद भाग वेगळाच आहे. सेंत-एतिएनजवळच्या चढावर रात्रीच्या अंधारात स्थानिक स्वाराच्या पाठीराख्यांनी त्याला पुढे जाऊ दिले आणि मागून येणाऱ्यांना काठ्या-दगडांनी बदडले. इतरत्र रस्त्यावर खिळे टाकले गेले. म्हणजे सायकल शर्यतीचा चाहता इतिहासात प्रवेश करतो तो साक्षीदार म्हणून नव्हे, सहआरोपी म्हणून.

पुढल्या पन्नास-साठ वर्षांत औषधांविषयी कोणी फारशी लपवाछपवी केली नाही. १९२४ साली शर्यत अर्ध्यावर सोडून कुतांस गावच्या उपाहारगृहात बसलेल्या पेलिसिए बंधूंनी आल्बेर लोंद्र ह्या पत्रकारासमोर आपल्या पिशव्या उघडून डोळ्यांत घालायचे कोकेन आणि हिरड्यांना लावायचे क्लोरोफॉर्म दाखवले, ते एखाद्या गृहिणीने पाहुण्यांना मसाल्याचा डबा दाखवावा इतक्या सहजतेने. इटलीचा महान स्वार फाउस्तो कोप्पी ह्याने तर उत्तेजक आपण गरज पडेल तेव्हाच घेतो असे सांगून गरज जवळजवळ नेहमीच पडते अशी पुस्तीही जोडली होती. १९६६ मध्ये टूरमध्ये पहिल्यांदा तपासणी झाली, तेव्हा स्वारांनी दुसऱ्या दिवशी सायकलींवरून उतरून चालत जाऊन निषेध नोंदवला. आपला व्यवसाय इतरांच्या व्यवसायाहून वेगळा का समजावा, असा त्यांचा सवाल होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९६७ रोजी, टॉम सिम्पसन हा इंग्रज स्वार मों व्हांतूच्या उघड्याबोडक्या चढावर उन्हात कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामिन आणि मद्य सापडले. त्या जागी आज स्मारक आहे आणि घाट चढून येणारे हौशी सायकलस्वार तेथे आपल्या पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या ठेवून जातात. चाहत्याच्या मनातले द्वैत येथे विनोदाला वाव देत नाही: त्या बाटल्या वाहणाऱ्याला मृत्यूचे कारण ठाऊक असते, आणि तरीही तो बाटली वाहतो.

विनोदाला पुन्हा जागा मिळते ती १९९० च्या दशकात, कारण तेव्हा चाहत्यांना सक्तीने वैद्यकशास्त्राचे शिक्षण घ्यावे लागले. एरिथ्रोपोएटिन, संक्षेपाने ईपीओ, हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक असून ते तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढवते; पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो आणि घाट लहान वाटू लागतो. ते कृत्रिमरीत्या बनवता येऊ लागले, पण लघवीत ओळखण्याची चाचणी २००० च्या आसपासपर्यंत नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ मध्ये एक मध्यम मार्ग काढला: रक्तातील तांबड्या पेशींचे घनफळ, ज्याला हेमॅटोक्रिट म्हणतात, ते पन्नास टक्क्यांच्या वर आढळले तर त्या स्वाराला प्रकृतीच्या काळजीपोटी पंधरा दिवस घरी बसवायचे. हेतू मर्यादा घालण्याचा होता. व्यवहारात ते उत्तीर्ण होण्यासाठीचे गुण ठरले, आणि ज्यांचे नैसर्गिक प्रमाण बेचाळीस-त्रेचाळीस होते अशा अनेकांना आपण अभ्यासात किती मागे आहोत हे प्रथमच कळले. १९९६ चा विजेता बियार्ने रीस ह्याला तर सहकाऱ्यांत 'साठ टक्के' असे टोपणनाव होते. त्याने २००७ मध्ये सेवनाची कबुली दिली. जुलै १९९८ मध्ये फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्हुत बेल्जियम-फ्रान्स सीमेवर पकडला गेला, तेव्हा त्याच्या मोटारीतून इतक्या कुप्या निघाल्या की त्या साठ्यावर एखाद्या तालुक्याचा दवाखाना निर्धास्त चालला असता.

ह्या शिक्षणाचा परिणाम असा झाला की आजचा जाणता चाहता शर्यत डोळ्यांनी पाहत नाही, गणकयंत्राने पाहतो. चढाची लांबी, सरासरी चढ, स्वाराचे वजन आणि लागलेला वेळ एवढ्यावरून त्या स्वाराने दर किलो वजनामागे किती वॅट शक्ती लावली असावी, ह्याचा हिशेब तो स्वार शेवटच्या वळणावर असतानाच मांडून होतो. आकडा फार लहान आला तर शर्यत रटाळ, आणि फार मोठा आला तर ती संशयास्पद. मधल्या चिंचोळ्या पट्टीत जे बसेल तेच निखळ आनंदाला पात्र, आणि त्या पट्टीत बसणारा स्वार सहसा सातवा येतो.

ह्या हिशेबाची कसोटी २०२४ च्या जुलैत लागली. पिरेनीज पर्वतातील प्लातो द बेय ह्या चढावर ताडेय पोगाचार ह्या स्लोव्हेनियाच्या स्वाराने मार्को पान्तानीचा १९९८ मधील विक्रम तीन मिनिटांहून अधिक फरकाने मोडला. पोगाचारविरुद्ध आजवर एकही चाचणी बोललेली नाही. हलक्या आणि हवा कापणाऱ्या सायकली, सुधारलेले टायर, तासाला शंभर ग्रॅमहून अधिक कर्बोदके पचवण्याची नवी आहारपद्धती, अशी कारणे जाणकार देतात आणि ती अडाणीपणाची नाहीत. परंतु चाहत्याचा युक्तिवाद दुसऱ्याच रुळावरून धावतो. ज्या काळात स्वारांच्या रक्तात काय काय होते हे जगजाहीर आहे, त्या काळातला विक्रम निर्मळ माणसाकडून कसा मोडला जाईल, असे तो विचारतो. आणि हे विचारताना त्याच्या अंगात जो पिवळा सदरा असतो, त्यावर बहुधा पान्तानीचे चित्र छापलेले असते.

आता ह्या अविश्वासाच्या राज्यात एक सवलतीचा प्रांत आहे, आणि तेथे स्प्रिंटर राहतात. स्प्रिंटर म्हणजे सपाटीच्या टप्प्यात अखेरच्या दोनशे मीटरमध्ये ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग गाठून सगळ्यांच्या नाकापुढे चाक काढणारा स्वार. बाकीचे एकशे ऐंशी किलोमीटर तो काही करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल, तो लपतो. पेलोटन, म्हणजे शर्यतीतील मुख्य जथा, त्याच्या आत राहिले की समोरची हवा दुसरे कापतात आणि तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक श्रम वाचतात. अंतिम रेषा जवळ आली की संघातले चार-पाच सोबती एकामागोमाग एक रांग धरून त्याला ओढत नेतात, एकेक जण दमून बाजूला होतो, आणि शेवटचा सोबती बाजूला झाला की ज्याच्यासाठी हे सगळे जळाले तो बारा-पंधरा सेकंद स्वतः मेहनत करून दोन्ही हात आकाशाकडे उंचावतो. सर्वांच्या श्रमावर एकाने हार घालून घ्यायचा, ही व्यवस्था महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

हात उंचावण्याबाबतही स्प्रिंटरांची कीर्ती मिश्र आहे. २००४ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत एरिक त्साबेलने विजयाच्या आनंदात रेषेच्या अलीकडेच हात वर केले आणि ओस्कार फ्रेइरेने त्या हातांखालून चाक पुढे काढले. २०२२ मध्ये कॅलेला यास्पर फिलिप्सनने मन भरून जल्लोष केला. त्याच्या आधी वाउट व्हान आर्ट एकटाच येऊन जिंकून गेला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. चाहत्याचे प्रेम जडते ते ह्याच जागी. सत्तरच्या वेगाने जाणारा मनुष्य इतका बावळट असू शकतो, ह्या शोधाने त्याला मोठा दिलासा मिळतो, कारण बावळटपणा आणि कारस्थान ह्या दोन गोष्टी एका डोक्यात मावत नाहीत अशी त्याची समजूत आहे.

परंतु स्प्रिंटरच्या निर्दोषत्वाचा मुख्य पुरावा सपाटीवर नसून डोंगरात आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणण्याची रीत आहे. टूरमध्ये त्या राजाला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. स्प्रिंटर हा ह्या राजाचा सर्वांत दूरचा प्रजाजन आहे. पंचाहत्तर-ऐंशी किलोंचे मांसल शरीर घेऊन दोन-दोन हजार मीटरचे घाट चढताना त्याला शर्यत जिंकायची नसते, फक्त बाद व्हायचे नसते. विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून जी मुदत निघते, तिच्या आत न पोहोचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरचा रस्ता धरावा लागतो. म्हणून सगळे जड स्वार मागे एकत्र होऊन एक टोळी बांधतात. इटालियन लोक तिला ग्रुपेटो म्हणतात आणि फ्रेंच लोक बस म्हणतात. ह्या बसमध्ये कोणी पुढे पळत नाही, कोणी कोणाला मागे टाकत नाही, कोणी अनुभवी स्वार मनातल्या मनात मिनिटांचा हिशेब करून वेग ठरवतो, आणि सपाटीवर एकमेकांना कोपराने ढकलणारे वैरी येथे एकमेकांना पाणी देतात. बस मोठी असली की तिला आणखी एक बळ येते: पंच निम्मी शर्यत घरी पाठवायला कचरतात. २०११ मध्ये गालिबिएच्या टप्प्यावर ऐंशीहून अधिक स्वार मुदतीनंतर पोहोचले. सर्वांना ठेवून घेण्यात आले, आणि हिरव्या जर्सीच्या शर्यतीतले वीस गुण तेवढे कापले गेले. हिरवी जर्सी ही १९५३ पासून टप्प्यांच्या क्रमांकांवरून मिळणाऱ्या गुणांची असल्याने ती बहुधा स्प्रिंटरांकडे जाते. त्या वर्षी ती मार्क कॅव्हेंडिशने, बसमधून उतरून, पॅरिसला नेलीच.

चाहता नेमका ह्या बसवर भाळतो. पुढे चढणारा विजेता ओठ मिटून, चेहऱ्यावर घामाचा थेंबही न दाखवता जातो तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकते; अर्ध्या तासाने बस येते, तोंडे उघडी, डोळे खोल गेलेले, जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले, तेव्हा त्याचा आत्मा शांत होतो. हा माणूस काही घेत असता तर असा दिसला असता का, हे त्याचे तर्कशास्त्र आहे. मंदगती म्हणजे सचोटी, हा सिद्धान्त त्याने कोणत्याही प्रयोगाशिवाय स्वीकारलेला आहे आणि त्याच्या जोरावर तो घाटात मागे पडलेल्याला मागून ढकलायला धावतो. संघाच्या मोटारीतून बाटली घेताना स्वाराचा हात बाटलीला जरा जास्त वेळ चिकटून राहिला आणि मोटारीने त्याला चार-सहा मीटर ओढले, तर पंच दंड करतात. चाहता मात्र तेवढ्या चिकटपणाला माणुसकी समजतो. ह्यात एक सूक्ष्म न्यायही आहे. मुदत विजेत्याच्या वेळेवरून काढली जात असल्याने, पुढचा जितका जोरात चढेल तितकी मागच्याची मुदत आखडते. त्यामुळे नव्वदच्या दशकात पुढच्यांच्या रक्तातील जादा पेशींचे व्याज मागच्यांनी भरले, हे नाकारता येत नाही.

सिद्धान्त रमणीय आहे. अडचण एवढीच की इतिहास त्याला धरून वागलेला नाही. ताश्कंदचा जमोलिदिन अब्दुजापारोव्ह, ज्याचा माथा खाली घालून डावी-उजवीकडे हेलकावे खात सुटण्याचा प्रकार पाहून इतर स्वार मनातल्या मनात मृत्युपत्र लिहीत, त्याने १९९१ मध्ये शाँझेलिझेवर अंतिम रेषेच्या अलीकडे कठड्यावर आदळून कोलांटी खाल्ली आणि बऱ्याच वेळाने लोकांच्या आधाराने चालत रेषा ओलांडून हिरवी जर्सी राखली. चाहत्यांच्या दृष्टीने ह्याहून प्रामाणिक दृश्य असू शकत नाही. १९९७ च्या टूरमध्ये हाच अब्दुजापारोव्ह उत्तेजकांच्या तपासणीत सापडून बाहेर गेला. इटलीच्या अलेस्सांद्रो पेताक्कीच्या नमुन्यात २००७ च्या जिरो द'इटालिया ह्या शर्यतीत दम्याचे औषध मर्यादेपेक्षा अधिक आढळले. फसवणुकीचा हेतू नव्हता असे लवादाने मान्य केले आणि तरीही बंदी घातली. दीर्घ श्रमांच्या खेळांत दमा खरोखरच अधिक आढळतो, हे वैद्यकीय सत्य आहे. तथापि ज्या लोकांना श्वास पुरत नाही तेच नेमके ताशी सत्तरच्या वेगाचा व्यवसाय निवडतात, ह्या योगायोगापुढे चाहता नम्रपणे मान तुकवतो. आणि एरिक त्साबेल, सलग सहा वर्षे हिरवी जर्सी मिळवणारा, शिस्तशीर, मेहनती जर्मन, त्याने २००७ मध्ये पत्रकारांसमोर अश्रू ढाळीत कबूल केले की १९९६ साली आपण एक आठवडा ईपीओ घेऊन पाहिले होते. लोकांना त्याची दया आली. २०१३ मध्ये त्याच आठवड्याची लांबी काही वर्षांची निघाली. हप्त्याहप्त्याने फेडायची कबुली ही पद्धत त्याच्या नावावर जमा व्हायला हरकत नाही.

स्प्रिंटरांविषयी चाहत्याच्या मनात आणखी एक अपराधी भावना असते, आणि ती औषधांशी संबंधित नाही. २०२० मध्ये पोलंडमधील कातोवित्से येथे उताराच्या शेवटी लावलेल्या अंतिम रेषेवर डिलन ग्रूनवेगनने फाबिओ याकॉबसनला कठड्याकडे लोटले. याकॉबसन कठडे तोडून पलीकडे गेला, काही काळ बेशुद्धावस्थेत होता, चेहऱ्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, आणि ग्रूनवेगनला नऊ महिन्यांची बंदी मिळाली. असल्या अपघातानंतर चाहता सुरक्षिततेच्या मागणीचे लांबलचक निवेदन करतो, आणि दुसऱ्या दिवशी टप्पा सपाट असूनही कोणी कोणाला घासले नाही तर शर्यत मिळमिळीत झाली म्हणून कुरकुरतो. २०२२ च्या टूरमध्ये डेन्मार्कमधल्या दोन लागोपाठच्या टप्प्यांत पहिल्या दिवशी याकॉबसन आणि दुसऱ्या दिवशी ग्रूनवेगन जिंकला. चाहत्याने दोन्ही दिवशी डोळे पुसले, आणि कोणाच्या बाजूने पुसावेत हे ठरवण्याचा प्रश्न शर्यतीच्या आयोजकांनीच सोडवला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला.

उत्तेजकांच्या प्रकरणांतून सर्वांत टिकाऊ असे जे काही निर्माण झाले आहे ते म्हणजे सबबींचे वाङ्मय. कल्पनाशक्तीच्या बाबतीत ह्या वाङ्मयाशी स्पर्धा करील असा दुसरा गद्यप्रकार दाखवणे कठीण आहे. १९७८ मध्ये मिशेल पोलँतिए अल्प द'ह्युएझचा टप्पा जिंकून पिवळी जर्सी घालून तपासणीला गेला, तेव्हा त्याच्या काखेत दुसऱ्याच्या लघवीने भरलेला रबरी फुगा आणि तेथून खाली आलेली नळी सापडली. ही सबब नव्हे, अभियांत्रिकी होती, म्हणून तिचा विचार येथे करू नये. १९८३ मध्ये आद्री व्हान देर पूलच्या नमुन्यात स्ट्रिक्निन आढळले, तेव्हा दोष कबुतरांच्या मांसाच्या पक्वान्नाला देण्यात आला: शर्यतीच्या कबुतरांना औषध दिलेले असावे आणि ते खाल्ल्याने स्वार बाधित झाला असावा, म्हणजे उत्तेजकाचा मूळ सेवनकर्ता पक्षी होता. फ्रांक व्हांडेनब्रूकच्या घरी २००२ मध्ये औषधे सापडली, ती त्याच्या कुत्र्यासाठी असल्याचे त्याने सांगितले. टायलर हॅमिल्टनच्या रक्तात दुसऱ्या माणसाच्या पेशी आढळल्यावर आईच्या पोटातच विरून गेलेल्या जुळ्या भावंडाची शक्यता त्याच्या बाजूने मांडली गेली. पुढे त्याने सगळेच कबूल केल्यामुळे त्या भावंडाचे दुसऱ्यांदा निधन झाले. अल्बेर्तो कोंतादोरच्या २०१० च्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल नावाचे द्रव्य मिलिलिटरमागे पन्नास पिकोग्रॅम निघाले, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. त्याने स्पेनमधील इरून गावाहून आलेल्या गोमांसाकडे बोट दाखवले, तरी २०१२ मध्ये जर्सी गेलीच.

ह्या सर्वांत मराठी मनाला जवळची वाटावी अशी सबब लिथुआनियाच्या राइमोन्दास रुम्शास ह्याची आहे. २००२ च्या टूरमध्ये तो तिसरा आला, आणि पॅरिसच्या व्यासपीठावर उभा राहण्याच्याच दिवशी त्याची पत्नी औषधांनी भरलेल्या मोटारीसह फ्रान्समध्ये पकडली गेली. औषधे आपल्या सासूबाईंसाठी आहेत, असे रुम्शासने सांगितले. पत्नीला त्यापायी तुरुंगवास घडला, आणि पुढच्या वर्षीच्या जिरोमध्ये जावई ईपीओच्या चाचणीत सापडला. ईपीओ, टेस्टोस्टेरॉन आणि वाढीचे संप्रेरक एवढे सगळे जिला लागते ती सासू प्रत्यक्षात शर्यतीत उतरली असती तर पिवळी जर्सी कोठे गेली असती, ह्यावर जुने चाहते आजही विचार करतात.

अशा परिस्थितीत चाहता कोणाला क्षमा करतो आणि कोणाला नाही, ह्याला गुन्ह्याच्या आकाराशी काही देणेघेणे नसते. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही टूरची सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली, आणि त्याच्याविषयी जो कडवटपणा उरला आहे तो औषधांमुळे नाही. २००४ च्या एका टप्प्यात फिलिप्पो सिमेओनी हा साधा इटालियन स्वार, ज्याने आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती, तो आघाडीच्या पळालेल्या गटाकडे निघाला. अंगावर पिवळी जर्सी असलेला आर्मस्ट्राँग जातीने त्याचा पाठलाग करून त्याला परत घेऊन आला आणि कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. ती दोन सेकंदांची खूण चाहत्यांच्या स्मरणात त्याच्याविरुद्धच्या शेकडो पानी अहवालापेक्षा खोल रुतली आहे. उलट रिशार व्हिरांक फेस्टिना प्रकरणात दोन वर्षे रडत नाही-नाही म्हणाला, २००० मध्ये न्यायालयात हो म्हणाला, बंदी भोगून परतला, आणि २००४ च्या १४ जुलैला, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, टप्पा जिंकून सातव्यांदा ठिपक्यांची जर्सी घेऊन गेला. रस्त्यावर त्याचे नाव रंगवणाऱ्यांचे हात ह्या सगळ्या काळात एकदाही थांबले नाहीत. दादागिरी करणारा आणि रडणारा ह्यांतून निवड करायची झाली तर रडणारा घरचा वाटतो.

पान्तानी ह्या हिशेबातही बसत नाही. टक्कल, कानात बाळी, डोक्याला फडके, आणि चढ आला की ते फडके काढून फेकून पुढे सुटण्याची लकब. १९९८ मध्ये जिरो आणि टूर दोन्ही जिंकलेला हा स्वार ५ जून १९९९ रोजी मादोन्ना दि कांपील्यो येथे, जिरो हातात आलेली असताना, हेमॅटोक्रिट बावन्न टक्के निघाल्याने घरी पाठवला गेला, आणि १४ फेब्रुवारी २००४ रोजी रिमिनीच्या एका हॉटेलात एकाकी मरण पावला. २०२४ ची टूर इटलीतून सुरू झाली तेव्हा तिचा पहिला टप्पा ह्याच रिमिनीत संपला आणि दुसरा त्याच्या चेसेनातिको गावातून निघाला. आयोजकांनी त्याला वाहिलेली ती उघड आदरांजली होती आणि तिच्यावर चाहत्यांनी आक्षेप घेतला नाही. पंधरा दिवसांनी प्लातो द बेयवर त्याचा विक्रम मोडणाऱ्याकडे मात्र त्यांनी डोळे बारीक करून पाहिले.

त्या पहिल्याच टप्प्यात, रिमिनीच्या वाटेवर, एकोणचाळीस वर्षांचा कॅव्हेंडिश उन्हात सायकलवरच ओकत होता आणि संघातले सोबती त्याला भोवती कोंडाळे करून मुदतीच्या आत आणण्याची धडपड करत होते. तो विजेत्याच्या अर्ध्या तासाहून अधिक मागे, मुदतीच्या थोडेसे आधी, पोहोचला. चार दिवसांनी, ३ जुलैला, सेंत-व्हुल्बास येथे त्याने पस्तिसावा टप्पा जिंकून एडी मेर्क्सचा चौतिसाचा विक्रम मागे टाकला. त्या दिवशी संशयाचे गणकयंत्र कोणीही बाहेर काढले नाही. चार दिवसांपूर्वी सायकलवर ओकताना ज्याला सर्वांनी पाहिले होते, त्याच्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र मागणे असभ्यपणाचे दिसले असते, आणि कॅव्हेंडिशविरुद्ध तसे काही मागण्याचे कारणही नव्हते.

टूरच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ ह्या सात वर्षांपुढे आज कोणाचेच नाव नाही. दुसऱ्या क्रमांकाला वर सरकवण्याचा विचार संघटनेने केला नाही, कारण २००५ चे उदाहरण घेतले तर दुसरा इव्हान बास्सो आणि तिसरा यान उलरिख हे दोघेही माद्रिदच्या एका डॉक्टरकडे सापडलेल्या रक्ताच्या पिशव्यांच्या प्रकरणात अडकलेले, आणि अशा यादीत खाली उतरत गेले तर पिवळी जर्सी कोणत्या पायरीवर थांबेल ह्याची हमी कोणी देईना. शेजारचा हिरवा रकाना मात्र अखंड भरलेला आहे, आणि त्यात १९९९, २००० आणि २००१ ह्या तीन वर्षांपुढे एरिक त्साबेल हेच नाव आहे, ज्याच्या कबुलीत ही तिन्ही वर्षे येतात. ही विसंगती चाहत्याच्या निदर्शनास आणून दिली तर तो क्षणभर गप्प होतो, आणि मग विचारतो की त्साबेल घाटात किती मागे राहायचा ते पाहिलेले दिसत नाही.